जो नियम खेळाचा, तोच गणिताचा

प्राथमिक शाळेत गणित शिकविताना मुलांच्या हाती वस्तू असाव्यात, तासाला खेळ असावेत आणि फळ्याइतकेच जमिनीवरही गणित मांडले जावे, हे मत आता वादाचा विषय राहिलेले नाही. शिक्षणखात्याची परिपत्रके त्याचा पुरस्कार करतात, अध्यापक विद्यालयांत त्यावर पाठ घेतले जातात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्यावर भर दिलेला आहे. परंतु ज्या मताला उघड विरोधक उरत नाही, त्याचा विचार करण्याचेही हळूहळू कोणी मनावर घेत नाही. ते सर्वमान्य होते आणि तेव्हापासूनच निस्तेज होऊ लागते. आज कृतियुक्त अध्यापनाच्या नावाखाली वर्गावर्गांतून जे चालते, त्यात कृती पुष्कळ असते, उत्साहही असतो. पण त्या कृतीत गणित नेमके कोठे आहे, असा प्रश्न केला तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. म्हणून या सर्वमान्य मताची पुन्हा एकदा छाननी करणे मला अगत्याचे वाटते. माझे प्रतिपादन असे की, खेळ गणित शिकवितो तो केवळ त्या वेळी, ज्या वेळी खेळाचा नियम आणि गणिताचा नियम एकच असतात; आणि असा खेळ रचणे हे शिक्षकाच्या स्वतःच्या बुद्धीचे काम असून, ते पेटी खरेदी करून अथवा हुकूम काढून अन्य कोणाकडून करवून घेता येत नाही.

प्रथम, गणितासारख्या निव्वळ बौद्धिक विषयात हाताची गरजच का पडावी, हे पाहिले पाहिजे. संख्या ही इंद्रियगोचर वस्तू नव्हे. तीन बैल दिसतात, तीन भाकऱ्या दिसतात, देवळातल्या घंटेचे तीन टोल ऐकू येतात. परंतु या तिन्ही अनुभवांत जे समान आहे आणि जे बैलात नाही, भाकरीत नाही, नादातही नाही, ते तीनपण कोणाला बोटाने दाखविता येत नाही. ते प्रत्येकाला आपल्या मनात स्वतःच घडवावे लागते. हे घडविणे म्हणजे अनेक अनुभवांतील भिन्नता बाजूस सारून त्यांतील साम्य तेवढे उचलणे होय, आणि ज्याच्यापाशी अनुभवांचा संचयच नाही, त्याने साम्य उचलावे तरी कशातून? पाटीवर अंक गिरविणाऱ्या मुलाला आपण केवळ एक खूण दिलेली असते. ती कशाची खूण आहे, हे अजून त्याच्या मनात निर्माण व्हावयाचे असते. पुढे इयत्ता वाढत जातात, खुणांवर खुणा चढतात, बेरजेची खूण, गुणाकाराची खूण, अपूर्णांकाची आडवी रेघ. आणि त्यांच्या तळाशी अर्थाचा थर कधी पडलेलाच नसल्यामुळे एके दिवशी ते मूल गणिताला भिऊ लागते. त्या भीतीला आपण बुद्धीचा अभाव समजतो, हा त्या मुलावर होणारा मोठाच अन्याय आहे.

यावर कोणी असे म्हणेल की, पंतोजींच्या शाळेत ना मणी होते ना ठोकळे. धूळपाटी, उजळणी आणि पाढे एवढ्या सामग्रीवर पिढ्यानपिढ्या हिशेबात तरबेज झाल्या. हा आक्षेप हलक्या हाताने बाजूस सारण्यासारखा नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, एवढे सारे मुखोद्गत असलेला मुलगा बाजारात कोणाकडून फसला जात नसे, हे खरेच आहे. परंतु त्या मुलाचे गणित शाळेत सुरू होत नव्हते. घरातील कोठाराच्या दाराशी तो बसे तेव्हा दोन चिपट्यांचे एक मापटे होते, दोन मापट्यांचा शेर होतो आणि चार शेरांनी पायली भरते, हे त्याचे डोळे पाहत आणि त्याचे हात अनुभवीत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे यांची मोड त्याच्या मुठीतून रोज फिरे. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द उच्चारताना त्याच्यापुढे धान्याची रास उभी राही. पंतोजी जे पाठ करून घेत, त्याचा अर्थ मुलाने शाळेबाहेर आधीच गोळा केलेला असे.

आता ती परिस्थिती पार बदलली आहे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनेमापे आली, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, आणि हे दोन्ही बदल देशाच्या व्यवहाराला हितकर होते यात संशय नाही. परंतु त्यानंतरच्या काळात मोजण्यामापण्याची कृतीच मुलांच्या दृष्टीआड गेली, हे अधिक महत्त्वाचे आहे. आजचे मूल किराणा दुकानात जाते तेव्हा धान्य बंद पाकिटात असते, वजन आणि किंमत वर छापलेली असते आणि पैसे फोनवरून चुकते होतात. त्यात मापणे नाही, तोलणे नाही, मोड परत घेऊन ती बरोबर आहे की नाही हे ताडून पाहणेही नाही. जो अनुभव पूर्वी घर आणि बाजार यांच्याकडून विनामूल्य मिळत होता, तो पुरविण्याची जबाबदारी आता शाळेवर येऊन पडली आहे. तेव्हा वर्गातील वस्तू आणि खेळ हे आधुनिकतेचे चोचले नसून, समाजाच्या व्यवहारातून नाहीशा झालेल्या एका पायरीची शाळेने करावयाची भरपाई आहे.

या भरपाईचा विचार आपल्याआधी अनेक थोरांनी केला. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि त्यांच्या हाती ज्या वस्तू दिल्या, त्यांत आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन होता. तो मोडावा आणि पुन्हा जोडावा, म्हणजे अखंड आणि खंड यांचे नाते बोटांना कळावे, हा त्यातील हेतू होता. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील एका गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले, आणि पुढे त्यांच्या पद्धतीत सोनेरी मण्यांचे ते प्रसिद्ध साहित्य आले: एक सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन. या साहित्यात दशमान पद्धती केवळ दिसत नाही, ती हाताला जड लागते. हजार उचलताना दोन्ही हात लावावे लागतात, तर एक चिमटीत मावतो. १९३९ मध्ये माँटेसरीबाई भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या. परंतु त्यांचा विचार त्यांच्या आधीच या भूमीत पोहोचला होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी तो रुजविला होता, आणि त्यांच्या सहवासात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात आणला.

ताराबाईंचे कार्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साह्याने त्यांनी खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांतील बालकांसाठी जे शिक्षण उभे केले, त्यात परदेशी घडणीचे महागडे साहित्य आणणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. शिंपले, बिया, काड्या, पाने, खडे, जे त्या मुलांच्या अंगणात होते, तेच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले; शाळेला न येणाऱ्या मुलांसाठी अंगणातच वाडी भरविली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. साहित्याचे मोल त्याच्या किमतीत नसून त्यात बसविलेल्या विचारात असते, हा सिद्धांत त्यांनी व्याख्यानातून न मांडता प्रत्यक्ष आचरून दाखविला. मूळ साहित्यातील तत्त्व कोणते आणि त्याचा बाह्य आकार कोणता, हे ज्याला वेगळे करता येते, तोच सोनेरी मण्याच्या जागी गुंज ठेवू शकतो; ज्याला ते येत नाही, तो सोनेरी मण्यांसाठी अनुदानाची वाट पाहत बसतो.

याच काळात दुसरा एक प्रयोग वर्ध्यास सुरू झाला. ऑक्टोबर १९३७ मधील परिषदेनंतर आकारास आलेल्या नई तालीम पद्धतीत उद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानले गेले आणि सूतकताईतून गणित शिकविण्याचा उपक्रम झाला. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, या मापांत मुलांनी स्वतः कातलेले सूत मोजावे, गतीचे प्रमाण काढावे, कापसाचे वजन आणि सुताचे वजन यांतील घट शोधावी, हे सारे खऱ्याखुऱ्या कामातून उद्भवणारे गणित होते आणि त्यातील प्रामाणिकपणाला तोड नव्हती. तरीही एक उणीव तीत राहिली, ती नमूद केली पाहिजे. उद्योगाला हवे असते ते उत्तर; गुंडी पुरी झाली की मोजणे संपते. संख्येविषयी जे कुतूहल उत्तरापलीकडे जाते, म्हणजे ६४० चे किती प्रकारे समान भाग पडतात आणि ६४१ चे तसे का पडत नाहीत, हा प्रश्न चरख्याला पडत नाही. उद्योगातील गणित हे हिशेबाच्या मर्यादेत थांबते. खेळातील गणित थांबत नाही, कारण खेळणाऱ्याला उत्तरापेक्षा युक्तीची ओढ असते. म्हणून उद्योगाच्या जोडीला खेळ हवा, असे मी मानतो.

परंतु कोणता खेळ? येथेच बहुतेकांची गफलत होते. सापशिडीचा पट घ्यावयाचा, प्रत्येक घरात एकेक उदाहरण चिकटवावयाचे आणि उत्तर बरोबर आले तर सोंगटी पुढे जाऊ द्यावयाची, असा एक खेळ सर्वत्र लोकप्रिय आहे. त्यात मुले रमतात हे मान्य; परंतु ती रमतात सापशिडीत, गणितात नव्हे. तेथे उदाहरण हे जकातनाक्यासारखे रस्त्यात आडवे असते, आणि मूल ते सोडविते ते जकात भरून पुढे जाण्यासाठी. ही शिकवण निरुपद्रवी वाटली तरी तशी नाही, कारण गणित म्हणजे आनंदाच्या वाटेतील अडथळा, हा जो समज दूर करावयाचा तोच ती दृढ करते. अशा खेळांसाठी मी एक साधी कसोटी सुचवितो. खेळातील गणित काढून त्या जागी इतिहासातील सनावळ्या किंवा शब्दांचे समानार्थी घालून पाहावेत. खेळ जसाच्या तसा चालला, तर त्यात गणित नव्हतेच. ते बाहेरून चिकटविलेले होते. आणि गणित काढताच खेळ मोडून पडला, तर मात्र तो गणिताचा खेळ आहे.

या कसोटीस उतरणारा एक खेळ पाहा. दोन मुलांमध्ये एकवीस चिंचोके ठेवावेत. पाळीपाळीने प्रत्येकाने एक किंवा दोन चिंचोके उचलावेत. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती येईल, तो जिंकला. पहिले काही डाव मुले मनाला येईल तसे उचलतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते की, आपल्यापुढे तीन चिंचोके उरले की आपले भरले; एक उचलला तर समोरचा दोन उचलतो, दोन उचलले तर तो एक उचलतो. हे कळल्यावर खेळाचा रोख बदलतो: आता प्रत्येकजण समोरच्यापुढे तीन कसे उरतील, हे पाहू लागतो, आणि त्या प्रयत्नात सहाची जागाही तितकीच घातक असल्याचे उमगते, मग नऊ, मग बारा. ज्या तिनाच्या पाढ्याची आजवर नुसती घोकंपट्टी झाली होती, तो आता पराभवाच्या जागांची यादी म्हणून डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि एकवीस ही संख्याही त्याच यादीत असल्याने पहिली पाळी घेण्यास कोणी राजी होत नाही. या क्षणी शिक्षकाने एवढेच करावे: नियम किंचित बदलून एक, दोन किंवा तीन चिंचोके उचलण्याची मुभा द्यावी. जे मूल क्षणभर थांबून, आता चाराच्या पाढ्याकडे पाहावे लागेल, असे म्हणते, त्याने सामान्य नियमाचा शोध लावलेला असतो. या संपूर्ण वेळात कोणी शाबासकीचे तारे वाटले नाहीत, कोणी गुण मांडले नाहीत. खेळाचा नियम तोच गणिताचा नियम असल्यामुळे बाहेरच्या आमिषाची गरजच पडली नाही.

खेळाप्रमाणेच कृतीचेही आहे. दुसरी-तिसरीच्या वर्गात जी चूक वर्षानुवर्षे आढळते, ती घेऊ. बावन्नमधून सत्तावीस वजा करावयास सांगितले असता पुष्कळ मुले पस्तीस हे उत्तर लिहितात. त्यांची विचारसरणी अशी असते की, दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन जातात. तेव्हा तसे करावे. शिक्षक लाल शाईने फुली मारतो, हातचा घेण्याची रीत पुन्हा सांगतो आणि मूल ती रीत पुन्हा विसरते, कारण मुळात त्या रीतीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते, हे त्याला ठाऊकच नसते. आता त्याच मुलापुढे दहा-दहा काड्यांचे रबराने बांधलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्यात आणि म्हणावे, यांतून मला सत्तावीस काड्या दे. मूल दोन गठ्ठे काढून देते. मग सात सुट्या काड्या हव्यात. हाताशी दोनच आहेत. येथे ते थबकते, काड्यांकडे पाहते, शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहते. हाच या पाठातील सर्वांत मोलाचा क्षण असतो, आणि या क्षणी शिक्षकाने गप्प राहणे ही अध्यापनातील सर्वांत अवघड कला आहे. जरा वेळाने मूल आपण होऊन एका गठ्ठ्याचे रबर काढते. बारा काड्या सुट्या होतात, सात दिल्या जातात, पाच उरतात. बाजूला दोन गठ्ठे शिल्लक असतात. दशक सुटा करण्याची क्रिया त्या मुलाला कोणी सांगितलेली नसते, परिस्थितीने ती त्याच्याकडून करवून घेतलेली असते. त्यानंतर पाटीवर पाच खोडून चार लिहिणे आणि एककाच्या घरात बारा मांडणे हे हाताने केलेल्या कृतीचे टिपण ठरते. ते मूल यापुढेही चुकेल, पण आपली चूक तपासण्याचे साधन आता त्याच्यापाशी आहे.

या उदाहरणात साहित्याची निवड किती बारकाईने करावी लागते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. येथे सुटणारा गठ्ठाच हवा. प्लॅस्टिकची अखंड दांडी दशक म्हणून दिली, तर ती सोडता येत नाही, दहा सुट्या ठोकळ्यांच्या बदल्यात ती द्यावी लागते. आणि अदलाबदल ही सोडण्याहून कठीण कल्पना आहे, कारण तीत दहा आणि एक यांची समानता मान्य करावी लागते. म्हणून आधी गठ्ठा, मग दांडी. त्यानंतर दहा रुपयांची नोट, जी एका नाण्याच्या दहापट मोठी दिसतही नाही, केवळ व्यवहाराच्या संकेताने दहापट ठरते. आणि सर्वांत शेवटी दशकाच्या घरातील अंक, ज्याचे मोल केवळ त्याच्या जागेवरून ओळखावयाचे. या चार पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीवर वस्तूतील काही अंश गळतो आणि विचाराचा अंश वाढतो. ज्या शिक्षकाला ही चढण समजली आहे, त्याला काड्या पुरतात. ज्याला ती समजलेली नाही, त्याच्या हाती जगातील उत्तमोत्तम साहित्य दिले तरी ते एकाच पायरीवर पसरलेले राहते.

आता पाठांतराविषयी. कृतिवादी मंडळींनी पाढ्यांशी जे वैर धरले आहे, ते मला अनाठायी वाटते. पाढे पाठ असलेच पाहिजेत. जो प्रत्येक वेळी सात आठे शोधत बसेल, त्याचे लक्ष मोठ्या प्रश्नावर स्थिर होणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, पाठ करावयाचे ते आधी पाहिलेले असावे. बारा चिंचोके रांगांत मांडावयास सांगा, अट अशी की सर्व रांगा सारख्या हव्यात: एक रांग बाराची, दोन सहांच्या, तीन चारांच्या. तीन रांगांची मांडणी बाजूने पाहिली तर तीच चार रांगांची दिसते, आणि तीन चोक व चार त्रिक हे दोन पाढे नसून एकाच आयताकडे दोन बाजूंनी पाहणे आहे, हे समजताच पाठांतराचे ओझे जवळजवळ निम्मे होते. मग तेरा चिंचोके द्यावेत. मुले दोन-दोन लावून पाहतात, तीन-तीन, चार-चार. प्रत्येक वेळी काही उरते किंवा कमी पडते. तेराला एकाच सरळ रांगेवाचून गत नाही, असा निकाल वर्ग स्वतः देतो. आणि मग सतराही तसाच, एकोणीसही तसाच, अशी नोंद होऊ लागते. मूळ संख्येची व्याख्या फळ्यावर लिहिण्याची खरी वेळ ही आहे, त्याआधी नव्हे.

सरावाची गोष्टही तशीच. वजाबाकीचा पुष्कळ सराव लागतो हे निर्विवाद आहे; परंतु तो पुस्तकातील उदाहरणांच्या रांगेनेच झाला पाहिजे, असे नाही. डहाणूस १९०५ मध्ये जन्मलेले आणि नाशिकजवळ देवळाली येथे शाळामास्तर म्हणून आयुष्य घालविलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये जो चमत्कार जगापुढे ठेवला, तो प्रत्येक मराठी शाळेच्या फळ्यावर एकदा तरी उमटला पाहिजे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, चारही अंक एकच नसावेत एवढी अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतली, तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. आणि यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी सात पायऱ्यांच्या आत याच मुक्कामी यावे लागते. वर्गातील प्रत्येक मूल आपापली संख्या घेऊन निघते, प्रत्येकाची वाट वेगळी, आणि एकेक करून सारे एकाच ठिकाणी पोहोचतात. ज्याचे उत्तर जुळत नाही तो आपली वजाबाकी आपण होऊन तपासतो, आणि ज्याचे जुळले तो दुसरी संख्या घेतो. तासाभरात हातच्याच्या वजाबाकीची जेवढी उदाहरणे होतात, तेवढी शिक्षेखातरही कोणी केली नसती. कापरेकरांपाशी विद्यापीठाचे पद नव्हते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील सुप्रसिद्ध नियतकालिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तोवर त्यांच्या संख्याप्रेमाकडे पुष्कळांनी छंद म्हणूनच पाहिले होते. एका शाळामास्तराच्या हातून हे घडले, ही बाब आपल्या शिक्षकवर्गाने अभिमानाने स्मरावी अशी आहे.

इतके सारे प्रतिपादन केल्यावर हाताच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी जोडले, तर सरळ रेषा होते, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते असे त्यावरून सांगण्याची प्रथा आहे. कृती सुंदर आहे, परंतु ती सिद्धता नव्हे. फाटलेल्या कागदाच्या कडांवरून १८० आणि १७९ यांतील भेद डोळ्याला ओळखू येत नाही. आणि शंभर त्रिकोण फाडले तरी एकशे एकावा तसाच निघेल, याची ग्वाही कागद देत नाही. येथे कृतीने एवढेच साधावयाचे की, हे नेहमीच असे होते काय आणि होत असल्यास का, हा प्रश्न मुलाच्या मनात तीव्रतेने उभा राहावा. मग शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोन दाखविले की, त्या एका आकृतीत जगातील सारे त्रिकोण सामावतात, आणि हाताने कधीही न देता येणारी खात्री बुद्धी देऊन जाते. जो शिक्षक कृतीपाशीच थांबतो, तो मुलाला दारापर्यंत नेऊन परत आणतो. साहित्य वापरण्याइतकेच ते खाली ठेवण्याची वेळ ओळखणे महत्त्वाचे आहे: मूल काड्यांना न शिवता, रबर काढल्याचे मनातल्या मनात पाहू लागले की, काड्यांचे काम संपले.

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत आणि त्या खऱ्या आहेत. अभ्यासक्रम मुदतीत पुरा व्हावयाचा असतो. एकेका वर्गात मुलांची दाटी असते, नाहीतर दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार असतो. पालक वही उघडून पाहतात आणि ती कोरी दिसली तर तक्रार घेऊन येतात. वेळेविषयी माझे उत्तर असे की, दुसरीत न समजलेली हातच्याची वजाबाकी तिसरीत पुन्हा, चौथीत पुन्हा आणि पाचवीत पुन्हा शिकविण्यात जो वेळ जातो, त्याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. दाटीविषयी असे की, फळ्यापाशी एका वेळी एकच मूल काम करते, तर चिंचोक्यांच्या खेळात सारा वर्ग जोडीजोडीने काम करतो. आणि द्विशिक्षकी शाळेत एक इयत्ता अशा खेळात गुंतली असता दुसरीकडे लक्ष देण्यास शिक्षकाला उसंत मिळते. वहीविषयी असे की, प्रत्येक कृतीचे टिपण झालेच पाहिजे. कोणत्या संख्येच्या किती मांडण्या झाल्या, कोणत्या डावात कोठे चूक झाली, हे मुलाने आपल्या शब्दांत लिहावे. असे पान भरलेल्या दहा उदाहरणांपेक्षा अधिक बोलके असते.

परंतु सर्वांत मोठा अडसर वर्गात नसून कपाटात आहे. शासनाकडून शाळांना साहित्याच्या पेट्या येतात, त्या जडवस्तूंच्या नोंदवहीत रीतसर चढविल्या जातात आणि एक ठोकळा हरवला तरी त्याचा जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागेल, या धास्तीने त्या कुलूपबंद राहतात. तपासणीच्या दिवशी त्या मांडल्या जातात आणि साहेबांची पाठ फिरताच परत आत जातात. मुलांच्या हाती जाणारी वस्तू झिजणार, तुटणार, हरवणार, हे गृहीतच धरले पाहिजे. हे साहित्य खडूप्रमाणे खर्ची पडणारे मानून त्याची नोंद तशीच करण्याची तजवीज खात्याने केली, तर एका कलमाच्या फेरबदलाने हजारो पेट्या उघडतील. दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. आज शिक्षकाला खेळांची यादी दिली जाते. त्याला खेळ पारखण्याची दृष्टी दिली जात नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाऐवजी दोन शिक्षकांनी आपण रचलेली एकेक कृती मांडावी, ती कोणत्या चुकीसाठी रचली, कोणत्या क्षणी मूल अडले, वस्तू कोणत्या पायरीवर खाली ठेवली, हे सांगावे आणि इतरांनी त्यातील उणिवा दाखवाव्यात, असे झाले तर काही वर्षांत आपल्या शाळांपाशी स्वतःचे असे भांडार तयार होईल. खेळ रचण्याची सुरुवात साहित्यापासून न करता मुलाच्या चुकीपासून करावी, एवढे एक सूत्र जरी अध्यापक विद्यालयांनी मनावर घेतले, तरी पुष्कळ काही साधेल.

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन परीक्षेतील गुणांपुरते मर्यादित नाही, म्हणूनच मी त्याविषयी इतक्या आग्रहाने लिहीत आहे. शाळेतील बहुतेक विषयांत मुलाला शिक्षकाच्या किंवा पुस्तकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. अमुक लढाई अमुक साली झाली, हे त्याला स्वतः पडताळून पाहता येत नाही. गणित हाच असा विषय आहे की, ज्यात सहा वर्षांचे मूलही कोणाच्या अधिकारापुढे मान न तुकवता सत्यापर्यंत पोहोचू शकते. तेरा चिंचोके सारख्या रांगांत बसत नाहीत, ते गुरुजी म्हणतात म्हणून नव्हे. बसवून पाहिले आणि बसले नाहीत म्हणून. चिंचोक्यांच्या डावात मोठ्या घरचा मुलगा असो वा मजुराची मुलगी असो, तीन उरले की हार ठरलेली. तेथे वशिला चालत नाही आणि गुरुजींचा हुकूमही चालत नाही. रीत सांगून आणि उत्तर तपासून आपण जे गणित शिकवितो, त्यात हा एकमेव विषयही आपण अधिकाराच्या ताब्यात देऊन टाकतो, आणि बरोबर काय हे दुसऱ्याला विचारावे लागते, अशी सवय मुलांना लावतो. ज्या देशाने प्रत्येक प्रौढ माणसाच्या विवेकावर आपले राज्य उभारले आहे, त्याने आपल्या मुलांना स्वतः पाहून, स्वतः ताडून, कारणासह हो किंवा नाही म्हणण्याची सवय लावण्याची ही संधी दवडू नये. आणि ती साधण्यासाठी मूठभर चिंचोके, काड्यांचे गठ्ठे आणि विचार करणारा एक शिक्षक यांहून अधिक सामग्री लागत नाही.